भुवयांना रजा

९ जानेवारी

आजपासून भुवयांना रजा.

भुवया म्हणजे टीव्हीवर विज्ञान सांगणारा तो माणूस. खरं नाव दुसरंच काहीतरी आहे, पण काहीही सांगायच्या आधी त्याच्या भुवया वर जातात आणि मागून आवाज येतो, म्हणून ह्यांनी ते नाव ठेवलं. मुलगी लग्न होऊन गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेव्हापासून जेवणं उरकली की आम्ही दोघं भुवया लावतो. कृष्णविवरं, मेंदू, मुंग्या, काळ उलटा का वाहत नाही, सगळं. लोक मालिका बघतात आणि आम्ही हे बघतो, याचा मला जरा तोराही होता.

काल पाण्याची वाफ होताना आत काय चालतं त्याचा व्हिडिओ लागला. भुवया वर गेल्या, निळे ठिपके नाचले, संगीत वाजलं. मी म्हटलं वा. हे म्हणाले वा. अगदी शेवटी त्याने किटलीला टोपी घातली तेव्हा मी चमकले. ही टोपी मी पाहिली होती. हा अख्खा व्हिडिओच आम्ही महिन्याभरापूर्वी पाहिला होता, तेव्हाही वा म्हटलं होतं, आणि टोपी सोडून त्यातलं काही म्हणजे काही डोक्यात उरलं नव्हतं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग बिघडलं काय? पुन्हा मजा आली ना?"

मला नाही आली. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि फसवणाऱ्याला मीच रोज घरात घेत होते.

मी हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण खोलीत काम करते. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, तपासायची, कापडात बांधायची आणि ऑटोक्लेव्हच्या पोलादी पोटात घालून दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचे. माझं पोट वाफेवर चालतं. आणि वाफ म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी काय सांगणार? टोपी घातलेली किटली.

हे ह्यांना पुन्हा सांगायला गेले तर हसले. म्हणून ही डायरी काढली. इथे हसायला कोणी नाही.

१४ जानेवारी

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तक आणलं. उष्णतेवरचं, कॉलेजच्या मुलांचं, विटेएवढं जाड. दुकानदाराने विचारलं, मुलासाठी का? म्हटलं, माझ्यासाठी. त्याने पुस्तक उलटून पाहिलं, मग मला पाहिलं, आणि गुपचूप पिशवीत घातलं.

आधीच्या मालकाच्या पेन्सिलच्या खुणा चाळिसाव्या पानापर्यंत आहेत. पुढे कोरं. तिथे त्याने परीक्षा सोडली असेल किंवा तो प्रेमात पडला असेल. मला चाळिसाव्याच्या पुढे जायचंय.

ह्यांनी हातात घेतलं. एका बाजूला तिरकं धरून, कोंबडीसारखी मान वाकडी करून जरा वेळ पाहिलं, आणि मिटून परत दिलं. "असलं वाचून कोणाचं भलं झालंय?"

"भुवया बघून कोणाचं झालंय?" मी म्हटलं.

मग ते एकटेच टीव्हीपुढे बसले. आजकाल स्टूल घेऊन इतके जवळ बसतात की नाक काचेला लागेल. म्हटलं, आवाज कमी येत असेल तर वाढवा. म्हणाले, "आवाजाचं काही नाही."

१९ जानेवारी

पाच दिवसांत तीन पानं. पहिलं पान तापमान म्हणजे काय यावर आहे. मला वाटलं हे काय सांगायचं असतं, थर्मामीटर लावा. तर पुस्तक म्हणतं, थांब, थर्मामीटर खरं बोलतो हे कशावरून? एक वस्तू दुसरीला लावून ठेवली आणि दोघींत काही बदलायचं थांबलं, आणि तीच दुसरी वस्तू तिसरीशीही तशीच गप्प बसली, तर पहिली आणि तिसरीही एकमेकींशी गप्प बसतील. एवढं मान्य असेल तरच थर्मामीटरला अर्थ आहे.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले. इतकी वर्षं दिवसातून कितीदा तापमानाचा काटा बघते, सही करते, आणि तो काटा कशाच्या जोरावर उभा आहे हे मनात आलं नाही. भुवयांनी हे कधी सांगितलं नाही. यात नाचणारे ठिपके काढता येत नाहीत म्हणून असेल.

२३ जानेवारी

मोठ्या सिस्टरनी कामावर टोकलं. यंत्राचा फेरा चालू असतो तेव्हा आम्हाला बसून राहावंच लागतं, काटा बघत. बाकीच्या जणी तेव्हा मोबाइल बघतात. मी पुस्तक काढलं.

"हे इथे नको," सिस्टर म्हणाल्या.

"मोबाइल चालतो?"

"मोबाइल दिसत नाही. पुस्तक दिसतं. कोणी आलं तर म्हणेल ह्या बाईला काम नाही."

"काम नसतंच तेव्हा. काटा बघायचा असतो. मोबाइलपेक्षा पुस्तकातून काटा जास्त दिसतो, कारण पुस्तकातून मी सारखी बाहेर येते. कळत नाही ना."

बाकीच्या जणी हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. पुस्तक मी आत ठेवलं नाही.

२७ जानेवारी

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. ब्रेडच्या कारखान्यात गाडी चालवतात, दुकानांना पाव पोचवतात, त्या कामाचा त्यांना केवढा अभिमान. परवा परस्पर मालकाला सांगून गाडी सोडली आणि माल चढवणाऱ्यांत नाव घातलं. मला आज कळलं, तेही शर्टाला पीठ पाहून.

"अहो, का?"

"पाठ दुखते. बसून बसून."

पाठ दुखते म्हणून गाडी सोडली आणि दिवसभर क्रेट उचलतात. याला काय म्हणावं? साठीला आलेल्या माणसाचं डोकं कुठल्या दिशेने चालतं देव जाणे. मी म्हटलं, "पाठीला उचलणं चालतं आणि बसणं चालत नाही, हे मला समजावून सांगा." तर उठून बाहेर गेले.

माझ्यावरचा राग ते असे काढतात. मी भुवया सोडल्या, यांनी गाडी सोडली.

३ फेब्रुवारी

आज एक वाक्य सापडलं आणि दिवसभर चघळलं. उष्णता वस्तूत नसते. वस्तूत ऊर्जा असते. उष्णता हे नाव फक्त जाताना, एका वस्तूतून दुसरीत जाताना. म्हणजे गरम भांड्यात उष्णता भरलेली आहे असं म्हणणं चूक. ती वाटेवरची गोष्ट आहे.

कोणालातरी सांगावंसं वाटलं. हे स्टुलावर होते. टीव्हीवर भुवया चालू, आणि हे टीव्हीकडे धड बघतही नव्हते, मान भिंतीकडे. मी सांगायला लागले तर त्यांनी टीव्ही बंद केला, म्हणजे ऐकायचं होतं. पण मी बोलत होते आणि ते माझ्या कानाकडे बघत होते. तोंडाकडे नाही, कानाकडे. समोरचा माणूस जीव तोडून सांगतोय आणि आपण त्याच्या कानाकडे बघायचं, हा अपमान नाही तर काय? हल्ली हे असंच चालू आहे. नजरेला नजर देत नाहीत.

मी गप्प झाले. मग म्हणतात, "थांबलीस का? वाचून दाखव ना ते."

"शाळेत आहात का?" मी म्हटलं. "पुस्तक टेबलावर असतं. मनात असेल तर स्वतः वाचा. मी कोणाला भरवणार नाही. भरवून घेऊनच आपली ही गत झाली."

बरं बोलले असं वाटतंय. एकदा बोलायलाच हवं होतं.

४ फेब्रुवारी

सकाळी चहा ओतताना ह्यांनी अर्धा कपाबाहेर ओतला. रुसवा चहातूनही निघतो. मी पुसून घेतलं.

१० फेब्रुवारी

मुलीचा फोन.

"आई, बाबा एकटेच बसतात म्हणे."

"कोण म्हणे? तेच म्हणे ना?"

"तासभर बस की त्यांच्याबरोबर. बघितलास एखादा व्हिडिओ तर काय बिघडतं? तुमची दोघांची तेवढी एकच गंमत होती."

"तुझ्या बाबांबरोबर मी बसतेच. त्या माणसाबरोबर बसत नाही."

"तू फार कडक झालीस हं. ते पुस्तक वाचून तुला कुठे परीक्षा द्यायचीय?"

मी तिला सांगितलं, की तुझा अभ्यास होता तेव्हा मी दारं लावून घेतली, ह्यांच्या ड्युट्या होत्या तेव्हा मी पहाटे डबे भरले, सासूबाईंच्या आजारपणात मी बसून राहिले. आता माझी वेळ आहे, ती मी कोणालाही देणार नाही. परीक्षा नाही म्हणूनच वाचतेय. परीक्षा असती तर सोडून दिलं असतं.

ती म्हणाली, "बरं बाई." हे "बरं बाई" माझंच आहे. माझ्याकडूनच शिकली.

फोन ठेवल्यावर जरा रडू आलं. मग नववं पान काढलं. रडता रडता गणित सुटत नाही, हा एक फायदा. दोन्हीतलं एक थांबवावं लागतं.

१८ फेब्रुवारी

लेखी समज मिळाली. कामाच्या जागी वाचन. खाली सही करायची होती, केली. सिस्टरना विचारलं, मोबाइल बघणाऱ्यांनाही अशी मिळते का? त्या म्हणाल्या, "तुम्ही वाद का घालता? दोन वर्षं राहिलीत तुमची." म्हटलं, दोन वर्षांत पुस्तक संपणार नाही, तेवढीच अडचण आहे.

पुस्तक उद्याही नेणार.

आज एक आकृती आली. पाणी तापवायला घेतलं की तापमान चढत जातं, रेघ तिरकी वर जाते. पाणी उकळायला लागलं की रेघ आडवी. आच तेवढीच, पण तापमान जागचं हलत नाही. सगळं पाणी वाफ होईपर्यंत आडवीच. मग पुन्हा चढते. माझं यंत्र रोज हेच करतं आणि मला वाटायचं, पाणी उकळलं की झालं. खरं काम तर उकळायला लागल्यावर सुरू होतं.

२ मार्च



आज बॉयलर दुरुस्तीला काढला, वाफ नाही, म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले. ह्यांची आज सुट्टी, दार नुसतं लोटलेलं होतं. हे टेबल खिडकीशी ओढून बसले होते, दाराकडे तोंड करून. पुढ्यात माझं पुस्तक. एका हातात भिंग, मुठीएवढं मोठं, मी घरात कधी न पाहिलेलं. पानावर पार वाकून, मान वाकडी करून, एक एक अक्षर जुळवत होते. मोठ्याने. "उ... ष्ण... ता... व... व... वस्तूत..." मग अडले, बोटाने जागा धरली, भिंग पुसलं, पुन्हा पहिल्यापासून.

मी दारात उभी. चप्पल वाजली असेल. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. चार पावलांवर, उजेडात, थेट माझ्या तोंडाकडे.

"कोण?" म्हणाले.

मी एक पाऊल पुढे आले.

"कोण आहे?"

"मी," म्हटलं.

भिंग लपवायला गेले. टेबलावर पालथं पडलं.

मग बसलो. त्यांनी एकदाच सगळं सांगितलं, गाडीचा अपघात सांगावा तसं, थोडक्यात. मागच्या वर्षापासून मधलं दिसेनासं झालंय. जिथे बघावं तिथेच धुरकट, डाग पडल्यासारखं. कडेचं दिसतं. म्हणून तोंड बघायचं तर कानाकडे बघावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय, अजून कमी होईल, पण पूर्ण अंधार होणार नाही. कडा राहतील. जानेवारीत वळणावर एक सायकलवाला ऐन वेळी दिसला. त्याच दिवशी मालकाच्या टेबलावर किल्ली ठेवली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझं नुकतंच ते पुस्तक आलं होतं."

"मग?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुस्तक माळ्यावर गेलं असतं. मी ओळखतो की तुला."

मी म्हटलं, "आणि ते व्हिडिओ? स्टुलावर बसून?"

"निळं काहीतरी हलायचं," ते म्हणाले. "बाकी तूच सांगायचीस ना. हा बघा ठिपका इकडे गेला, ती बघा रेघ वर गेली, मेल्याने किती हळद फासलीय तोंडाला. मी तेच ऐकायचो. तू उठून गेलीस, मग नुसती भुणभुण राहिली."

"आज पुस्तक का घेतलंत?"

"बघायचं होतं. असं काय आहे त्यात, की मला टाकून गेलीस."

मी उठून आत गेले, नळ सोडला, आणि तो वाहू दिला.

३ मार्च

कामाला गेले नाही. संध्याकाळी जेवणं झाली तेव्हा मीच टीव्ही लावला. भुवया लावल्या. ह्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि सांगायला लागले, "हा बघा, आता एक पिवळा गोळा आला, त्याच्याभोवती..."

ह्यांनी हात पुढे केला, चाचपत बटण शोधलं आणि बंद केलं.

"दया करायची तर दुसरं काही कर," म्हणाले. "पाय दाब. हे नको."

"मग काय करू?"

"महिनाभर मला घालून पाडून बोललीस, मी भरवून घेतो म्हणून. खरं होतं ते. आता भरवू नकोस. वाच. आणि मी अडवलं की थांब."

"मी कितव्या पानावर आहे माहितीये का?"

"पहिल्यापासून," म्हणाले. "तू पुढे गेलीस तो तुझा प्रश्न."

म्हणजे आजारी माणूस कसा वागतो यातलं काही ह्यांना येत नाही. मलाही आजाऱ्याची बायको होता येत नाहीये. एका परीने बरंच आहे.

११ मार्च

पहिलं पान संपलं. हो, एकच. मी वाचते, हे म्हणतात "पुन्हा". मी पुन्हा वाचते. मग म्हणतात, "ती तिसरी वस्तू आली कुठून?" मला वाटायचं मला ते कळलंय. त्यांनी विचारलं की कळतं, मी त्या वाक्यावरून नुसती चालत गेले होते, घाईत दुकानावरून जावं तशी. गाडी चालवलेला माणूस आहे, रस्ता विचारल्याशिवाय वळत नाही. भांडणही झालं. मी ओरडले, ते ओरडले, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

खूप दिवसांनी बरं जेवलो.

२० मार्च

मुलगी येऊन गेली. कळल्यावर आधी ह्यांच्या गळ्यात पडली, मग माझ्यावर घसरली, की तू रोज बरोबर राहतेस, तुला दिसलं कसं नाही. खरंच दिसलं नाही. सगळं माझ्या समोर होतं, मी लिहूनही ठेवत होते, आणि मला प्रत्येक गोष्टीत माझाच अपमान दिसत होता. तिला म्हटलं, "नाही दिसलं."

तिने मोबाइलमध्ये काहीबाही भरून आणलं होतं. ऐकायचे विज्ञानाचे कार्यक्रम, सोपे, छोटे. "बाबा, कान तर चांगले आहेत. हे ऐका. दहा मिनिटांत अख्खा विषय. त्या जाड पुस्तकात कशाला डोकं घालता? बाबांना आता जरा हलकंफुलकं हवं, आई."

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "का? माझं डोळ्याचं गेलंय, डोक्याचं नाही."

"तसं नाही हो बाबा."

"तसंच आहे. दहा मिनिटांत अख्खा विषय कोणाला हवाय? विषय संपला की मी पुढे काय करू? क्रेट उचलून झाले की मला संध्याकाळ असते, आणि ती मोठी असते. तुझी आई अर्ध्या पानात अख्खी संध्याकाळ बसवते. ते पुरतं मला."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले. मी ह्यांना पढवलेलं नव्हतं. मनातून मात्र मला इतका चेव आला, की त्या वेळी मोठ्या सिस्टर समोर असत्या तर मी त्यांनाही पहिलं पान वाचून दाखवलं असतं.

६ एप्रिल

आडव्या रेघेवर ह्यांनी मला पुरतं अडवलं.

"आच चालू आहे?"

"आहे."

"आणि तापमान वाढत नाही?"

"नाही."

"मग ती जाते कुठे? मी गाडीत पेट्रोल घालतोय आणि गाडी जागची हलत नाहीये, तर मी खाली वाकून बघीन ना, गळतंय कुठे."

पुढची चार पानं वाचावी लागली. गळत नाही. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, ते सुटायला ती सगळी आच लागते. आणि वाफ थंड हत्याराला लागून पुन्हा पाणी झाली, की घेतलेलं सगळं तिथेच टाकते. म्हणून नुसत्या गरम हवेला जमत नाही ते माझी वाफ लवकर करते. मी हे ह्यांना सांगत होते आणि सांगता सांगता मलाच कळलं, की मी हे इतकी वर्षं रोज केलंय. माझा आवाज चढला असणार, कारण हे हळूच म्हणाले, "दम खा."

मग म्हणाले, "ती रेघ मला बघायचीय."

भिंग लावून पाहिलं. पुस्तकातली आकृती बोटभर. त्यांना नुसता डाग दिसला. मी कागदावर मोठी काढली. तरी नाही. मी म्हटलं, जाऊ दे, कळलंय ना? तर म्हणतात, "तू जाऊ दिलं असतंस का?"

७ एप्रिल

भिंत रंगवली.

हॉलची पांढरी भिंत. गाडीच्या बंपरला लावायचा काळा रंग ह्यांनी कुठूनतरी काढला, आणि हातभर रुंद ब्रश. खिडकीपासून कपाटापर्यंत मी चढ काढला, गार पाण्यापासून उकळीपर्यंत. जाड काळा पट्टा. हे मान वळवून उभे राहिले, खिडकीकडे बघत, आणि म्हणाले, "दिसतोय." एवढंच.

मी तिथून आडवी रेघ सुरू केली आणि दारापाशी थांबवली, पुस्तकात आहे तशी, चढाएवढीच.

"किती लांब हवी?" ह्यांनी विचारलं.

"पुस्तकात एवढीच आहे."

"पुस्तकात कागद कमी पडला असेल. आपल्याकडे भिंत आहे. खरी किती?"

मी आकडे काढले. बर्फाच्या गारपाण्याला उकळीपर्यंत न्यायला जेवढी आच लागते, त्याच्या साडेपाच पटीहून जराशीच कमी, ते पाणी पुरतं वाफ व्हायला लागते. साडेपाच पट. मी मोजलं, पुन्हा मोजलं. भुवया हे दोन सेकंदांत उरकतात, ठिपके नाचवून. पुस्तकानेही मध्ये रेघ तोडून दोन टिंबं दिली होती, की इथे जागा सोडली आहे.

"काढ," म्हणाले.

"हॉल पुरणार नाही."

"मग पुढे जा."

रेघ हॉलच्या दारातून बाहेर काढली. बोळातून नेली, फोटोंच्या खालून, संडासाच्या दारावरून, वळणावर कोपऱ्यात ब्रश मुरडून, बेडरूममध्ये. मुलगी संध्याकाळी आली तेव्हा मी स्टुलावर चढून बिछान्याच्या वर रंग लावत होते. ती दारातच थांबली. "आई, हे पुसलं जाईल का?"

"नाही," म्हटलं. "बंपरचा रंग आहे."

"लोक काय म्हणतील?"

"विचारतील तर सांगू. थोडा वेळ लागेल, त्यांना बसावं लागेल."

तिने डोक्याला हात लावला. जरा वेळाने पदर खोचून दुसरा ब्रश उचलला आणि म्हणाली, "वाकडं काढतेस. सरक."

१२ एप्रिल

रंग वाळला. आज हे पहिल्यांदा एकटे गेले. मी मधे बोलणार नव्हते, हात धरणार नव्हते, तसं ठरलं होतं. खिडकीशी उभे राहिले, तळवा काळ्या पट्ट्यावर ठेवला आणि चालायला लागले. चढ झाला, कपाट आलं, पट्टा आडवा झाला. हॉलची भिंत संपली. दारातून बाहेर गेले. मला फक्त हात भिंतीवरून सरकल्याचा आवाज येत होता. बोळातून. वळण आलं तिथे जरा थांबले, कोपरा चाचपला, पुढे गेले.

मी पुस्तक मांडीवर घेऊन हॉलमध्येच बसले होते. बराच वेळ झाला.

"पोचलात का?" मी इथूनच विचारलं.

"नाही," आतून आवाज आला. "अजून उकळतंय."